सोमवार ते शुक्रवारचं जेवण

दुसऱ्यांच्या मुलांनी काय खावं, हे सांगायचा मला पगार मिळतो. चेन्नईच्या एका इस्पितळात मी आहारतज्ज्ञ आहे. समोर बसलेल्या आईला मी विचारते, सकाळी काय दिलंत, किती वाजता दिलंत, त्यातलं ताटात किती उरलं. आई गडबडली, इकडेतिकडे बघायला लागली की मला मनातून राग येतो. स्वतःच्या लेकराने काल काय खाल्लं एवढंही हिला सांगता येऊ नये? चेहऱ्यावर न दाखवता हा राग मी बरीच वर्षं बाळगला. मग माझी मुलगी बालवाडीत गेली आणि बालवाडीने तोच प्रश्न छापील कागदावर मला विचारला.

कागद तमिळमध्ये होता. वर ठळक अक्षरांत ‘कुटुंबाची माहिती’. आईचं शिक्षण? पोषणशास्त्रात एम.एस्सी. हे मी जरा ऐटीतच लिहिलं. वडिलांचा व्यवसाय? मस्कतला नोकरी. कुटुंब एकत्र की विभक्त? इथे पेन अडलं. नवरा मस्कतला, मी चेन्नईत, मुलगी कुंभकोणमला माझ्या वडिलांजवळ. अशा कुटुंबासाठी कागदावर चौकोन नव्हता. मुलाला कोण भरवतं? आजोबा. आहाराची माहिती तुम्हाला कोणाकडून मिळाली: आई, सासू, डॉक्टर, टीव्ही, मोबाईल? मी ‘इतर’वर खूण केली आणि ‘कॉलेज’ लिहिलं. आणि शेवटी, काल मुलाने काय काय खाल्लं?

त्या दिवशी शनिवार होता. काल म्हणजे शुक्रवारी मी चेन्नईत होते. मी ‘इडली, वरणभात, केळं, दूध’ असं लिहून टाकलं. चार वर्षांची मुलगी कुंभकोणमला हेच खात असणार, असा माझा अंदाज. इस्पितळात एखाद्या आईने असा अंदाजपंचे जबाब दिला असता तर मी तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं.

मुलगी अप्पांकडे का होती, ते सांगायला हवं. माझी आई गेली आणि अप्पा एकटे पडले. चेन्नईच्या पाळणाघरात मुलगी महिन्यातून दोनदा तापाने आजारी पडायची, आणि माझी ड्यूटी कधी सकाळची तर कधी दुपारची. अप्पा आमच्या तंजावरी मराठीत म्हणाले, ‘‘येथें ठेव. मजही सोबत होईल.’’ सोय म्हणून सुरू झालं ते. मला वाटलं होतं सहा महिने. दीड वर्ष होऊन गेलं. मी शुक्रवारी रात्री चेन्नईहून निघते, शनिवारी पहाटे पोचते आणि रविवारी संध्याकाळी घर सोडते. आठवड्यातले दोन दिवस मी आई असते.

उरलेले पाच दिवस मी फक्त तिची आठवण काढते. हे लिहायला लाज वाटते, पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते तिचे गाल. तोंडात घास असताना तिचा डावा गाल फुगतो, उजवा नाही. इस्पितळाच्या कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट येतं तेव्हा घड्याळात साडेबारा वाजलेले असतात. साडेबाराला बालवाडी सुटते. म्हणजे आता अप्पा तिला घेऊन तळ्यामागच्या गल्लीतून येत असतील, आता पाय धुतले असतील, आता पाटावर बसवलं असेल. आता काय वाढलं असेल? तिथे माझं डोकं थांबायचं. पुढचं मला दिसायचंच नाही.

अप्पांनी आयुष्यभर तिरुभुवनमला एका विणकर सोसायटीत रेशमी साड्या तपासल्या. पदराचा एक धागा चुकला तरी बोट बरोब्बर तिथे ठेवायचे. पण आई असेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरात पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता. आई गेल्यावर ते जिभेच्या आठवणीवर स्वयंपाक शिकले. पिठलं करायचे, चाटून बघायचे, मान हलवायचे, ‘‘हें तिचें नव्हे.’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचे. मी फोनवरून त्यांना कृती सांगायला जायची, तर म्हणायचे, ‘‘तूं राहूं दे. तूं कधीं शिकलीस तिच्याकडून?’’ खरं होतं ते. मी पुण्याला शिकायला गेले. तिथल्या मैत्रिणी माझ्या जुन्यापुराण्या मराठीला हसायच्या, ती सुधारण्यात आणि प्रथिनं-जीवनसत्त्वं पाठ करण्यात माझी दोन वर्षं गेली. परत आले तेव्हा मला आमच्या आंबट भाजीतला लोहाचा हिशेब येत होता, भाजी येत नव्हती. आईला विचारू, विचारू म्हणत राहून गेलं. आज विचारायचं तर कुठे जाऊ?

असो. कागद भरून दिला, दोनेक महिन्यांनी बालवाडीने एक वहीही दिली. रोज मुलाने काय खाल्लं, किती खाल्लं, ते घरच्यांनी तमिळमध्ये लिहायचं. एक महिनाभर. अप्पांनी वहीला छान खाकी कव्हर घातलं. मी निर्धास्त झाले. ज्या माणसाने चाळीस वर्षं धागे मोजले तो इडल्या मोजणार नाही?

महिना संपायच्या आत टीचरचा फोन आला. मी वॉर्डात होते.

‘‘तुम्ही स्वतः आहारतज्ज्ञ ना?’’ टीचर तमिळमध्ये म्हणाली. आवाज सौम्य होता, म्हणून जास्त लागला. ‘‘तुमच्या वडिलांनी वहीत रोज एकच लिहिलंय. काही खाल्लं नाही. सोमवार, काही खाल्लं नाही. मंगळवार, काही खाल्लं नाही. असं सगळ्या महिन्याचं. मुलीचं वजनही तीन महिन्यांत हललेलं नाही. शनिवारी पालकांचा वर्ग आहे. तुम्ही या, आणि त्यांनाही आणा.’’

दुपारभर मी लोकांच्या मुलांना नाचणी नि अंडी सांगत होते आणि डोळ्यांसमोर माझी मुलगी रिकाम्या ताटापुढे बसलेली. शनिवारी पहाटे घरात पाऊल टाकलं ते भांडायच्या तयारीने. मुलगी झोपली होती. चादर बाजूला करून आधी तिचे दंड चाचपले. मग स्वयंपाकघरात गेले.

‘‘अप्पा, ती काहीच खात नाही तर मला सांगितलं का नाहीत?’’

अप्पा दूध तापवत होते. ‘‘कोणी म्हटलें खात नाहीं?’’

‘‘तुम्हीच लिहिलंय! रोज!’’

‘‘मग काय लिहूं?’’ ते खरोखरच चकित झाले होते. ‘‘लेंकराचें जेवण मोजून लोकांस दाखवायचें? दृष्ट लागते गे. कोणी विचारलें तर काहीं खाल्लें नाहीं असेंच म्हणायचें. तुझी आई सगळ्यांस तेंच सांगायची. तूं चार चार पोळ्या खायचीस आणि ती शेजारणीस सांगायची, पोर वाऱ्यावर जगते.’’

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. आमच्या घरात ही रीत होतीच. घास मोजायचे नाहीत, बाळसं बोलून दाखवायचं नाही, कोणी ‘किती गुटगुटीत’ म्हणालं की लगेच ‘कुठलं हो’ म्हणायचं. मी हे सगळं विसरले होते. पुण्याला विसरले की चेन्नईला, कोण जाणे. पण अप्पा ते सरकारी छापाच्या वहीतही पाळतील, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

‘‘म्हणजे ती खाते?’’

अप्पांनी दूध उतरवलं. पेले मांडले. मला वाटलं, बोलायचं टाळणं हीपण दृष्टीचीच गोष्ट.

वर्गाला बालवाडीत तीसेक आया आल्या होत्या, आणि एकटे अप्पा. खांद्यावर पांढरं उपरणं, कपाळावर गंध. दर शनिवारी ते जवळच्या मरुदानल्लूर गावात भजनाला जातात, त्या दिवशी बुडवलं होतं. टीचरने भिंतीवर रंगीत तक्ता लावून धान्य, डाळ, पालेभाजी, दूध असं समजावलं. सत्तु माव, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं पीठ, त्याची पेज कशी करायची ते दाखवलं. तक्ता चांगला होता. तरी मी तोंड वाकडं करून बसले. अप्पा मात्र पुढे बसून लक्ष देऊन ऐकत होते आणि शेवग्याचा पाला वरणात कधी घालायचा, आधी की नंतर, असं त्यांनी उभं राहून विचारलं. सगळ्या आया वळून बघायला लागल्या.

मग वजनं सुरू झाली. काटा वर्गाच्या मध्यात, मोठ्या तबकडीचा, सगळ्यांना दिसेल असा. एकेक मूल उभं राहायचं, टीचर आकडा मोठ्याने वाचायची, दुसरी कोणी लिहायची. आमच्या मुलीचं नाव आलं. ती चप्पल काढून काट्यावर चढली, आणि अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून तबकडीवर टाकलं.

टीचर म्हणाली, ‘‘आजोबा, हे काय?’’

‘‘तुम्ही वाका आणि आतून वाचा,’’ अप्पा हात जोडून तमिळमध्ये म्हणाले. ‘‘मोठ्याने नको.’’

वर्गात हशा पिकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण दोन-तीन आया हसल्या नाहीत, त्यांनी आपापली पोरं जवळ ओढली, तेही मी पाहिलं. टीचर भली. तिने खरंच उपरण्याखाली डोकं घातलं, आकडा बघितला आणि माझ्या कानात सांगितला. तो इथे लिहीत नाही, अप्पा वाचतील. धोका नव्हता, पण आकडा तीन महिन्यांपूर्वीचाच होता. वाढत्या मुलीचं वजन जागचं हलू नये, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी येताना मी गल्लीतच सांगून टाकलं, ‘‘हा महिना संपला की मी तिला चेन्नईला नेते. पाळणाघर तर पाळणाघर. निदान मापाने खाईल.’’

अप्पा चालत राहिले. मुलगी त्यांचं बोट धरून पुढे ओढत होती. घरी आल्यावर त्यांनी तिला अंगणात खेळायला सोडलं आणि मला म्हणाले, ‘‘बस. सांगायचें नव्हतें, पण तूं तिज नेणार तर सांगतों. ती खाते. सोमवार ते शुक्रवार पोटभर खाते. मीं हाताला येईल तें दिलें तरी खाते. शनिवार-रविवार खात नाहीं.’’

‘‘म्हणजे? मी असते तेव्हा?’’

‘‘तूं असतेस तेव्हां.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काय काय बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. म्हणाले, तुम्हाला एकटं राहायचं नाही म्हणून माझ्यावर ढकलता. म्हणाले, दोन दिवसांच्या उपासाने तीन महिने वजन थांबत नाही, मला शिकवू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘दोन दिवस नाहीं,’’ ते म्हणाले. ‘‘सोमवारींही अर्धा दिवस तोंड मिटून बसते. शुक्रवारीं दुपारपासून दाराकडे पाहते, तेव्हांही नाहीं. राहिले किती? पांच म्हटलें तें तुझ्यासाठीं म्हटलें.’’

मी बोटांवर दिवस मोजायला लागले.

‘‘तूं भरवतांना काय म्हणतेस, आठव. येवढें संपव, मग अम्मा जाणार. दर रविवारीं तेंच. जेवण झालें कीं तूं जातेस. मग ती घास कशास गिळेल?’’

डावा गाल. पाच दिवस ज्याच्या आठवणीवर मी जगायची, तो फुगलेला डावा गाल म्हणजे न गिळलेला घास होता. मला वाटायचं, तिची ती खोड आहे. गोड वाटायचं ते मला. मी त्याचे फोटो काढून मस्कतला पाठवले होते.

मी इस्पितळात फोन करून बुधवारपर्यंतची रजा घेतली. अप्पांवर माझा विश्वास बसला नव्हता असं नाही, पण मला स्वतःच्या हाताने बघायचं होतं. रविवारी संध्याकाळी मी बॅग भरली नाही. मुलीने जेवताना तीन वेळा दाराकडे पाहिलं. घास गालातच. मी म्हटलं, मी कुठे जात नाही. तिने ऐकलं आणि घास तसाच ठेवून झोपी गेली. अप्पांनी बोट घालून काढला. सोमवारी सकाळी मी तिच्या उशाशी होते, तर तिने डोळे उघडून आधी माझ्या पायांत चप्पल आहे का ते पाहिलं. दुपारी वरणभाताचे चार घास गेले. माझ्या नोंदवहीत मी तसं लिहिलं, मग पान फाडलं. मंगळवारी मी अप्पांकडून शिकून घेतलं: भात ऊन असतानाच बोटांनी पार मऊ करायचा, पाला वरण उतरवायच्या आधी घालायचा, तूप शेवटी, आणि घास तोंडात न देता तिच्या तळहातावर ठेवायचा. माझी आई मला तसाच द्यायची, हे अप्पांचा हात बघताना मला आठवलं. इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं. मी भाताच्या पातेल्यापुढे बसून रडले आणि अप्पा पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेले.

बुधवारी दुपारी ती माझ्यासमोर पाटावर बसली. पहिला घास तळहातावर ठेवला. तिने तो बराच वेळ धरून ठेवला.

‘‘अम्मा, तूं जाणार?’’

मी ‘नाही’ म्हणाले.

ती जेवली. काय जेवली! घासामागून घास, दोन्ही गालांनी, मिटक्या मारत. मध्येच आ करून मला तोंड दाखवलं, बघ, संपलं. ताट पुसून खाल्लं आणि आणखी भात मागितला. दहीभातही खाल्ला. माझ्या हाताला तूप आणि तिची लाळ, आणि मला वाटलं, एवढ्यासाठी माणूस जन्माला येतो. अप्पा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. त्यांना माझ्या गाडीची वेळ ठाऊक होती.

मुलगी जेवून झोपली. मी तिच्या शेजारी तासभर पडून राहिले. मग बॅग भरली आणि निघाले. झोपेतून उठवून सांगायचा धीर झाला नाही. लोकांना मी सांगते, मुलांशी जेवणाबाबतीत खोटं बोलू नका, त्यांचा अन्नावरचा विश्वास उडतो. हे वाक्य मला पाठ आहे.

तिला मी चेन्नईला नेलं नाही. नेण्याचा हक्क मी गमावला असं मला वाटलं, आणि तिला खरंच खायला घालणारा माणूस कुंभकोणमला होता. तिथून तासाभरावर, तंजावरच्या इस्पितळात जागेसाठी अर्ज केलाय. अजून काही कळलेलं नाही. अप्पा वहीत अजूनही तेच लिहितात, आणि टीचर आता वाचून हसते.

त्यानंतरच्या शनिवारी मी पोचले तेव्हा मला वाटलं होतं ती रुसेल, रडेल, तोंड मिटून बसेल. मी ताट वाढलं. तिने ते उचललं आणि अप्पांच्या पुढे नेऊन ठेवलं. मग त्यांच्या हातून जेवली. शांतपणे, सगळं. रविवारीही. पुढच्या शनिवारीही. घास गालात ठेवणं तिने सोडून दिलं. पुढल्या महिन्यात वजन वाढलं, त्याच्या पुढल्या महिन्यात आणखी. टीचरने फोन करून माझं अभिनंदन केलं. मी आभार मानले आणि इस्पितळाच्या जिन्यात बसून राहिले. मला कळत होतं ती का जेवते. घास धरून ठेवला तर अम्मा थांबेल, अशी तिला आशा होती. ती आशा तिने सोडली होती, म्हणून ती जेवत होती. तिचं वजन वाढावं म्हणून मी देवाला हात जोडले होते, आणि आता प्रत्येक शंभर ग्रॅमला माझ्या पोटात तुटायचं.

गेल्या रविवारी संध्याकाळी अप्पा तिला भरवत होते. मी बॅगेची चेन लावत होते. त्या आवाजाने ती पूर्वी दचकायची. आता तिने वळूनही पाहिलं नाही. तोंडातला घास नीट चावला, गिळला, आणि अप्पांचा पुढे आलेला हात बाजूला केला.

‘‘अज्जा, मज राहूं दे,’’ ती म्हणाली. ‘‘आधीं अम्मेस वाढ. तिज गाडी आहे.’’